चवदार तळ्यापासून वाकोला नाल्यापर्यंत

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायची ठरली, की विहाराची जागा कशी मिळाली, पहिले पत्रे कोणी घातले, बुद्धमूर्तीची मिरवणूक कुठून निघाली, हा इतिहास लिहिला जातो. तो लिहिलाच पाहिजे, कारण आपण लिहिला नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही. परंतु यंदा आम्ही थोडे वेगळे लिहायचे ठरवले आहे. आपल्या वस्तीच्या पाठीमागून जो नाला वाहतो, ज्याच्याकडे आपण नाकाला रुमाल लावून बघतो, त्याचा आणि आपल्या चळवळीचा काय संबंध, ते आम्हाला सांगायचे आहे. कोणी म्हणेल, "धम्माच्या पुस्तकात नाल्याचे काय काम?" काम आहे बंधूंनो. शेवटपर्यंत वाचा म्हणजे पटेल.

आपली चळवळ सुरू झाली तीच मुळी पाण्यापासून. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. कागदावरचे पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला झाला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या. हा हिशेब आपल्या मुलांना पाठ असला पाहिजे.

त्याही मागे गेलो तर खुद्द सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाशी पाण्याचा संबंध बाबासाहेबांनी दाखवून दिला आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात म्हातारा, रोगी, प्रेत पाहून वैराग्य आले ही रूढ कथा त्यांनी स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्या ठरावाला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली, असे ते मांडतात. पाणी कोणी आणि किती घ्यायचे, यावरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात. हा प्रश्न अडीच हजार वर्षांचा आहे.

भिक्खूंच्या विनयातही पाण्याचा विचार आहे. हिरव्या गवतावर आणि पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असे नियम भिक्खूंना घालून दिलेले आहेत. झाडाझुडपांना इजा करणे हा दोष मानलेला आहे. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्या, हे त्याच्या लेखांवरून कळते. आणि हे सगळे फार लांबचे नाही. अशोकाच्या लेखाचा तुकडा आपल्या नालासोपाऱ्यात १८८२ साली सापडला.

त्याहून जवळ कान्हेरी. बोरिवलीच्या डोंगरातली शंभराहून अधिक लेणी आपण सहलीला जाऊन पाहतो, स्तूपाला वंदन करतो, फोटो काढतो आणि डबा खाऊन परत येतो. पण पुढच्या वेळी जाल तेव्हा लेण्यांच्या तोंडाशी खडकात खोदलेल्या टाक्या बघा. जुन्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. पावसाचे पाणी खडकावरच्या पन्हळींतून टाकीत उतरते, अशी ती व्यवस्था. कल्याण, सोपारा, चौल इथल्या व्यापाऱ्यांनी आणि उपासक-उपासिकांनी दाने दिली, त्यांत लेणी आहेत तशा पोढ्याही आहेत. म्हणजे त्या काळी पाण्याची टाकी खोदून देणे हे मूर्ती बसवण्याइतकेच पुण्याचे काम समजले जाई. शेकडो वर्षे भिक्खूसंघ त्या पाण्यावर जगला.

आता त्याच डोंगररांगेच्या पोटात १८६० साली इंग्रजांनी विहार तलाव बांधला. विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले की त्यांच्या पाण्यातून मिठी नदी होते. सुमारे अठरा किलोमीटर वाहत, साकीनाका, कुर्ला, कलिना असे करत ती माहीमच्या खाडीला मिळते. आपला वाकोल्याचा नाला बांद्रा-कुर्ला संकुलाच्या बाजूला याच मिठीला जाऊन मिळतो. म्हणजे ज्या डोंगरात एकेकाळी उपासकांनी टाक्या दान केल्या, त्याच डोंगराच्या पाण्याला आपला नाला जाऊन मिळतो. आपण त्याला 'गटार' म्हणतो. जुनी माणसे 'नदी' म्हणत.

वाकोला मूळचे गावठाण. ईस्ट इंडियन लोकांची घरे, शेती, चिंचा-आंब्याची झाडे, पलीकडे खाडीची दलदल आणि तिवरांचे जंगल. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेच्या सफाई खात्यात कामाला लागलेली कोकणातली आपली माणसे, नंतर १९७२ च्या दुष्काळाने देशोधडीला लागलेली घाटावरची आणि मराठवाड्यातली माणसे, उपनगरांत अशाच जागी वसली. चांगली जागा कोण देणार? जी जागा दुसऱ्या कोणाला नको, ती आपल्या वाट्याला आली. नाल्याचा काठ, टेकडीचा उतार, पाइपलाइनचा शेजार. गावात महारवाडा गावाच्या खालच्या अंगाला, मुंबईत झोपडी नाल्याच्या अंगाला. जागा बदलली, दिशा बदलली नाही.

पाइपलाइनचे तर पाहा. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला येते. वाकोल्यातून त्या पाण्याचे हत्तीएवढे नळ गेले आहेत, एका भागाला नावच 'वाकोला पाइपलाइन' पडले. मोठ्या नळाला कान लावला तर आतल्या पाण्याचा आवाज ऐकू येई आणि आमच्या आया-बहिणी पहाटे तीनला उठून दोन हंड्यांसाठी रांगेत उभ्या राहत. चवदार तळ्याच्या काठी शिवू देत नव्हते. इथे नळाला टेकून झोपायला मिळाले, पण प्यायला मिळाले नाही.

मुंबईच्या उपनगरांत पाण्यासाठी बायका रस्त्यावर उतरल्या तो इतिहास मोठा आहे. गोरेगावात मृणालताई गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' हे नाव दिले ते उगाच नाही. १९७२ साली महागाई प्रतिकार समितीचे लाटणे मोर्चे निघाले. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागे उपनगरांतल्या झोपडपट्ट्यांतल्या बायका होत्या. त्यात निळी किनार आणि पांढरी साडी किती होती, ते कोणी मोजून ठेवले नाही. त्याच साली दलित पँथर उभी राहिली. त्याआधी ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली लाखो लोक तुरुंगात गेले. मागणी काय होती? कसायला जमीन द्या. जमीन, पाणी, निवारा हे आपल्या चळवळीचे प्रश्न पहिल्यापासून आहेत. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते, एवढेच.

बाबासाहेब मात्र त्या बाबतीतही पुढे होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही कामे त्यांच्याकडे होती. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांचा पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. पूर ही देवाची करणी नाही, नदीचे खोरे एक समजून नियोजन केले तर पूर आवरता येतो आणि तेच पाणी उपयोगी आणता येते, ही त्यांची भूमिका. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणतो. नद्यांचा विचार करणारा मंत्री म्हणून त्यांची ओळख आपल्याच घरांत कमी आहे.

नदीचे खोरे एक समजायचे, हेच मिठीच्या बाबतीत कोणी केले नाही. एका बाजूने विमानतळ वाढला, नदी धावपट्टीखालून काढली गेली. मुखापाशी खाडीच्या दलदलीत भराव पडला आणि सुमारे ३७० हेक्टरांवर बांद्रा-कुर्ला संकुल उभे राहिले. एमएमआरडीएकडे हे काम १९७७ पासून आहे. मध्ये कारखाने, भंगाराचे धंदे, तबेले. आणि काठाकाठाने आम्ही. मुंबईची पावसाळी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती वाढवावीत असा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ साली आला आणि कपाटात गेला.

मग आला २६ जुलै २००५. त्या दिवशीचा जो आकडा जगभर छापून आला, तो आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेचा. चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर होता. म्हणजे तिकडे लोक छत्री घेऊन घरी गेले आणि इकडे कलिन्यात पाणी पहिल्या मजल्याला लागले. दुपारी भरती आणि वरून पाऊस. नाल्याचे पाणी पुढे जाईना, ते उलटे घरांत शिरले. गाड्या बंद, माणसे रुळांवरून चालत आली. आमच्या गल्ल्यांत छातीभर पाणी होते. ज्यांचे पोटमाळे होते त्यांनी शेजाऱ्यांची मुले वर घेतली. धान्याचे डबे, रेशनकार्डे, जातीचे दाखले, मुलांच्या मार्कशीटा, लग्नातले फोटो, सगळे गेले. काही घरांत बाबासाहेबांचा फोटो तेवढा भिंतीवर उंच होता म्हणून वाचला. मुंबईत त्या पुराने आणि दरडींनी चारशेहून अधिक माणसे गेली. पाठोपाठ लेप्टोची साथ आली.

त्या रात्री विहाराचे दार उघडे राहिले. कोण बौद्ध, कोण मुसलमान, कोण ख्रिस्ती, कोण भय्या, कोणी विचारले नाही. चुलीवर भात शिजला आणि ताटल्या नव्हत्या म्हणून लोकांनी कागदावर खाल्ला. पंचशील रोज म्हणणे वेगळे आणि पंचशील अंगी येणे वेगळे. त्या रात्री ते थोडे अंगी आले, असे आम्ही मानतो.

पूर ओसरला आणि दोषी कोण याची चर्चा सुरू झाली. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर एक उत्तर फार लवकर मिळाले: नाल्याकाठच्या झोपड्या आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने पूर का आला याचा अभ्यास केला. नदी रुंद करायची, खोल करायची, भिंती बांधायच्या, असे काम निघाले आणि पहिला बुलडोझर झोपड्यांवर आला. नदी रुंद करायला आमचा विरोध नाही. पुराचे पाणी पहिल्यांदा आमच्याच घरात येते, मग विरोध कसा असेल? पण मुखापाशी भराव घालून ज्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यापैकी एकीचीही वीट हलली नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

तिवरे तोडू नयेत, असा मुंबई हायकोर्टाचा आदेश ऑक्टोबर २००५ मध्ये आला. तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असे कोर्टाने २०१८ च्या निकालात म्हटले. फार चांगला निकाल. पण जगण्याचा हक्क हेच घटनेचे २१ वे कलम फुटपाथवरच्या माणसासाठीही आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले, आणि तरीही नोटीस देऊन झोपडी हलवता येईल असेही सांगितले. तिवर आणि झोपडी ही एकमेकांची शत्रू आहेत असे आपल्या मनावर बिंबवले जाते. आमचा अनुभव उलटा आहे. तिवरे होती तोपर्यंत भरतीचे पाणी तिथे जिरत होते. तिवरे गेली तशी झोपडी बुडाली.

शेजारच्या गोळीबारचे उदाहरण ताजे आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फसवणूक होते आहे म्हणून लोक उभे राहिले आणि मे २०११ मध्ये मेधाताई पाटकर तिथे नऊ दिवस उपोषणाला बसल्या. आणखी एक उदाहरण माहुलचे. तानसा पाइपलाइनच्या दोन्ही बाजू मोकळ्या कराव्यात, असा हायकोर्टाचा आदेश झाला आणि पाइपलाइनलगतची अनेक कुटुंबे माहुलच्या वसाहतीत पाठवली गेली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, हवा अशी की दम लागावा. शहराचे पाणी सुरक्षित राहावे म्हणून गरिबाला हलवायचे आणि त्याला जिथे हवा नाही तिथे नेऊन टाकायचे, याला पर्यावरण म्हणायचे का? तिथल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, २०१८ साली विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केले. २०१९ साली हायकोर्टाने त्यांना दुसरीकडे घरे द्यावीत, नाहीतर महिना पंधरा हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला.

पाण्याच्या हक्काचेही तसेच. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई हायकोर्टाने सांगितले, की झोपडी १ जानेवारी २००० नंतरची असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पुढे २०२२ साली महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणले. १९२३ चा ठराव आणि १९२७ चा सत्याग्रह, २०१४ चा निकाल आणि पुढची नळजोडणी, यांतले साम्य वाचकांच्या लक्षात येईल. ठराव होतो, निकाल लागतो, पण पाणी यायला माणसाला चालत जावेच लागते. महाडलाही लोक चालतच गेले होते.

इथवर सरकारचे आणि धनदांडग्यांचे झाले. आता आपले. हे लिहिणे कडू आहे, पण स्मरणिका नुसती स्वतःची पाठ थोपटायला नसते. नाल्यात कचरा आम्हीही टाकतो. घंटागाडी येईपर्यंत थांबायचा कंटाळा येतो आणि पिशवी रात्रीच्या अंधारात कठड्यावरून खाली जाते. १४ एप्रिलला आपण मिरवणूक काढतो, सरबत वाटतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पाउचांचा आणि प्लॅस्टिकच्या ग्लासांचा खच महापालिकेचा सफाई कामगार उचलतो. तो कामगार कोण? बहुतेक वेळा आपलाच भाऊ. ज्या माणसाने आपल्याला घाण उपसण्याच्या कामातून बाहेर काढायला आयुष्य घालवले, त्याच्या जयंतीची घाण आपल्याच भावाने उपसायची, हे कसे चालेल? डीजेच्या आवाजाने शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीत धडधडते, त्यालाही मैत्री भावना म्हणता येणार नाही.

मुंबईच्या नदीचे गटार झोपडीने एकटीने केले नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगू. पण हे सांगायचा नैतिक अधिकार टिकवायचा असेल तर आपले हात स्वच्छ पाहिजेत. कचऱ्याचे काम वस्तीने स्वतः अंगावर घेतले तर काय होते, हे महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत काही गल्ल्यांनी दाखवले होते. माहीमला धारावीच्या कडेला जिथे शहराचा उकिरडा होता, तिथे १९९४ पासून निसर्ग उद्यान आहे, तेही मिठीच्याच काठी. उकिरड्यावर झाड लागते, हे डोळ्यांनी बघायचे असेल तर मुलांना एकदा तिथे न्या.

विहाराने काय करावे, याबद्दल आमच्या काही साध्या सूचना आहेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी ग्रंथवाचनानंतर अर्धा तास गल्लीच्या मोरीपासून नाल्याच्या कठड्यापर्यंत फेरी काढावी आणि गाळ कुठे साचला, झाकण कुठे तुटले, याची वही ठेवावी. ती वही पावसाळ्याच्या आधी वॉर्ड ऑफिसात अर्जासोबत द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही, पोच असलेला कागद बोलतो. जयंतीला स्टीलचे पेले वापरावेत, महिला मंडळाने ते सांभाळावेत आणि धुवायला पुरुषांनी बसावे. पुनर्विकासाचा कागद कोणी सहीला आणला, तर तो विहारात सर्वांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय कोणी सही करू नये. त्यात घर किती चौरस फुटांचे आहे हे जसे बघायचे, तसे पाणी, हवा, उजेड आणि विहाराची जागा कुठे लिहिली आहे तेही बघायचे. फोटोपास, रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून उंचावर ठेवाव्यात. २००५ ने एवढे तरी शिकवले.

वस्ती बदलते आहे. मुले शिकली, कोणी बदलापूरला, कोणी विरारला गेली. विहारात संध्याकाळी पाच-सहा म्हातारी माणसे आणि क्लासला आलेली लहान मुले दिसतात. त्या लहान मुलांपैकी एकाने परवा विचारले, "चवदार तळ्याचे पाणी आता गोड आहे का?" आम्ही म्हटले, "तेव्हा पाणी गोड की खारट हा प्रश्न नव्हता, माणूस म्हणून पिता येते की नाही हा होता." मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग आपल्या नाल्याचे पाणी तर कोणालाच पिता येत नाही."

या मुलाला उत्तर द्यायचे राहिले आहे. महाडला आपण पाण्यावरचा हक्क सिद्ध केला. आता ज्यावर हक्क सिद्ध केला ते पाणी पाणी म्हणून राहील, हे बघायचे काम आपल्या पिढीकडे आले आहे. पुढच्या स्मरणिकेत कोणी या विषयावर लिहील, तेव्हा त्याच्या हातात निदान आपली ती वही असावी, एवढीच अपेक्षा.

नमो बुद्धाय! जय भीम!